काळा चिखल, कुजक्या अंड्यांचा वास आणि दरवर्षी मरणारी मासळी: खारतळ्यातलं गंधक नेमकं कुठे अडवायचं

दिवाळी झाली की आठ-दहा दिवसांत आमच्या तळ्यात मासे तरंगायला लागायचे. एका वर्षी झालं असतं तर नशीब म्हटलं असतं, पण लागोपाठ चार वर्षं तेच. पहाटे बांधावर पाय ठेवला की आधी वास यायचा, कुजक्या अंड्यांचा, आणि उजाडलं की पाण्यावर पांढरी पोटं दिसायची, आधी बोईट, मग जिताडा, आणि खेकडे सगळे पाणी सोडून काठावर येऊन बसलेले. तळं आहे पेण-अलिबागकडच्या खारेपाटात, बांधाच्या आत अडीच एकर, सरासरी एक मीटर पाणी, एका कोपऱ्यात जुनी उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार), पलीकडे तिवरांचा म्हणजे कांदळवनाचा पट्टा आणि खाडी, आणि वरच्या अंगाने गावाचा नाला येऊन मिळतो. दरवर्षी कोणी ना कोणी काहीतरी उपाय सांगायचं, चुना टाका, फटकी (तुरटी) टाका, पावडर टाका, जेसीबी लावा, आणि आम्ही जवळपास सगळं करून बसलो. त्यातली निम्मी कामं उलट त्रास वाढवणारी होती हे फार उशिरा समजलं, म्हणून इतरांचे पैसे आणि मासळी दोन्ही वाचावीत या हेतूने सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोंधळ मिटवू. सल्फेट वेगळं आणि सल्फाइड वेगळं. सल्फेट म्हणजे पाण्यात मिठासारखं विरघळलेलं गंधक, त्याला रंग नाही वास नाही, समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते साधारण २,७०० मिलीग्रॅम असतं आणि त्यातच सगळी मासळी मजेत जगते. मारतं ते सल्फाइड. तळाच्या चिखलात पाला, विष्ठा, मेलेलं शेवाळ असं काही कुजायला लागलं की जीवाणूंना श्वासासाठी काहीतरी लागतं, पहिल्यांदा ते ऑक्सिजन वापरतात, तो संपला की नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, आणि तेही संपलं की सल्फेट. सल्फेटवर श्वास घेणारे जीवाणू जे बाहेर टाकतात तो हायड्रोजन सल्फाइड. तो चिखलातल्या लोहाला भेटला की काळा कुळकुळीत लोह सल्फाइड होतो, म्हणून चिखल काळा. लोह पुरेनासं झालं की उरलेला वायू वर पाण्यात येतो आणि तिथून मासळी मरायला सुरुवात होते.

हे समजल्यावर मी एकदा वहीवर हिशेब मांडला आणि तिथेच माझी दिशा बदलली. आमच्या तळ्यात साधारण एक कोटी लिटर पाणी. पाणी अर्धं खारं धरलं तर त्यात साडेतेरा टनांच्या आसपास सल्फेट आहे. आणि ऑक्सिजन किती, तर लिटरला ६ मिलीग्रॅम धरून सगळ्या तळ्यात मिळून फक्त ६० किलो. आता जलपर्णी घ्या, तिच्यात ९५ टक्के पाणीच असतं, म्हणजे १,२०० किलो ओल्या जलपर्णीत ६० किलो सुका माल, आणि एक किलो सुका माल पूर्ण कुजायला साधारण एक किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे ट्रॅक्टरची एक ट्रॉली जलपर्णी तळाशी बसली तर अख्ख्या तळ्याचा त्या घडीचा ऑक्सिजन खाऊन टाकायला ती पुरेशी आहे. हवेतून थोडा थोडा भरून येतो हे खरं, पण तळाशी पोचेपर्यंत वेळ लागतो, आणि तोपर्यंत साडेतेरा टन सल्फेट जीवाणूंपुढे वाढून ठेवलेलंच आहे.

तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा की तुमचं पाणी खारं आहे का गोडं. खाऱ्या पाण्यात गंधक काढायच्या मागे लागू नका, पुढच्या उधाणाला खाडी तेवढंच परत आणून देणार आहे. तिथे जीवाणूंचं खाद्य तोडायचं आणि पाणी हलतं ठेवायचं. गोड्या पाण्यात नेमकं उलटं, तिथे मुळात सल्फेट कमी असतं, त्यामुळे ते कुठून येतंय ते शोधून तिथेच अडवायचं. आम्ही चार वर्षं खाऱ्या तळ्यावर गोड्या पाण्याचे उपाय करत होतो. गोड्या तळ्याचं खाली वेगळं लिहिलंय, आधी खाऱ्याचं.

आधी तपासा, मग पैसे खर्च करा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी तपासणी म्हणजे एक पारदर्शक ॲक्रिलिकचा पाइप, दोन इंच जाडीचा, दोन-अडीच फूट लांब. तळाच्या चिखलात सरळ दाबायचा, वरचं तोंड हाताने किंवा बुचाने घट्ट बंद करायचं, अलगद वर उचलायचा, खालून बोटांनी आधार द्यायचा. आत चिखलाचा उभा काप दिसतो. वर तपकिरी थर आणि खाली काळा, असं असेल तर ठीक चाललंय, कारण तपकिरी थरात ऑक्सिजन पोचतोय आणि खालून येणारं सल्फाइड तिथेच विझतंय. तपकिरी थर बोटभर असेल तर निवांत राहा, नखाएवढा असेल तर लक्ष ठेवा, आणि काळा थेट पाण्याला भिडला असेल तर त्या भांगाला (अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते ते दिवस) मासे मरणार असं धरूनच चाला. चिखलावर पांढरी कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते ती बुरशी नसते, गंधक खाणारे जीवाणू असतात ते, आणि ते दिसले म्हणजे सल्फाइड वरपर्यंत आलंय. पाणी गुलाबी-जांभळं झालं तरी बऱ्याचदा हेच कारण, गंधकावर जगणारे जांभळे जीवाणू. (२०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा तिथलं कारण वेगळं निघालं होतं, मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचं, त्यामुळे नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका.)

दुसरं, लेड ॲसिटेटचा कागद. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेला सामान देणाऱ्या दुकानात मिळतो. ताज्या चिखलाचा गोळा बरणीत घ्यायचा, कागद ओला करून झाकणाला आतून लटकवायचा, काळा पडला की सल्फाइड नक्की. त्यात शिसं असतं, तेव्हा हात धुवा आणि पोरांच्या हातात देऊ नका.

लॅबचं मात्र नीट वाचा, कारण आमची दोन वर्षं इथे गेली. मी बिसलेरीच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घेऊन, गाडीत ठेवून, उन्हातून तालुक्याला गेलो, आणि चार दिवसांनी रिपोर्ट आला त्यात सल्फाइड निल. निल! आणि घरी बांधावर उभं राहवत नव्हतं. मग एका जाणकाराने सांगितलं की सल्फाइड बाटलीत टिकतच नाही, वरच्या हवेने जळून जातं किंवा झाकण उघडलं की उडून जातं. नमुना घेतानाच बाटलीत झिंक ॲसिटेट हवं आणि नंतर थोडा कॉस्टिक सोडा, म्हणजे ते झिंक सल्फाइड होऊन तिथेच बसतं, आणि बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही. लॅबला आधी फोन करून औषध घातलेली बाटली मागून घ्या. तळाजवळचं पाणी घ्या, वरचं नको. आणि रिपोर्टमध्ये सल्फाइडच्या शेजारी पीएच (पाण्याच्या आम्लपणाचा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) आणि तापमान लिहून मागा, नाहीतर आकड्याला अर्थ उरत नाही.

अर्थ का उरत नाही, तर सल्फाइड पाण्यात दोन रूपांत असतं आणि त्यातलं वायूरूप जास्त विषारी. पीएच ८ असेल तर दहातला जेमतेम एक भाग वायूरूपात, ७ असेल तर जवळपास निम्मा, ६ असेल तर दहातले नऊ. खाऱ्या पाण्यात हे थोडं कमी भरतं पण कल तोच. आणि मासळीला ते किती चालतं, तर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने मर्यादा ठरवलीय लिटरला ०.००२ मिलीग्रॅम, म्हणजे जवळपास काहीच चालत नाही. पहाटे मासे का मरतात याचं उत्तर पण यातच आहे, रात्रभर शेवाळ आणि मासे सगळे श्वास घेतात, ऑक्सिजन खाली जातो आणि पीएच पण खाली जातो, दोन्ही एकदम. म्हणून ऑक्सिजन मोजायचा तर पहाटे पाचला मोजा, दुपारी बाराला मोजलेला आकडा फसवतो.

आणि बिनपैशाची तपासणी, वही. आम्ही वर्षभर तिथीसकट लिहून ठेवलं, कधी वास, कधी मासे वर, कधी पाऊस. गावातले एक कोळी काका आधीपासून म्हणत होते की वास भांगाला येतो आणि उधाणाला जातो, पण आम्ही लक्ष दिलं नव्हतं. वही बघितल्यावर काकांचं तंतोतंत खरं निघालं. अष्टमी-नवमी-दशमीला, भरती कमी चढते तेव्हा, पाणी बदलत नाही आणि तेव्हाच मासे मरतात. वास तिथीबरोबर येत-जात असेल तर तुमचा प्रश्न पाणी बदलण्याचा आहे. पहिल्या पावसानंतर येत असेल तर वरून गोड्या पाण्याचा थर बसतोय आणि खालचं जड खारं पाणी कोंडलं जातंय. ठरावीक महिन्यात येत असेल तर त्या आधीच्या महिन्यात तळ्यात काय आलं ते बघा.

आमच्याकडे उत्तर होतं जलपर्णी. पावसाळ्यात नाल्यातून वाहत येते, चार महिने तळं गोडं असतं तोवर हिरवीगार पसरते, आणि ऑक्टोबरात खारं पाणी आत आलं की महिनाभरात सगळी मरून तळाशी बसते. त्यानंतर दिवाळी, आणि दिवाळीनंतरची अष्टमी. चार वर्षं डोळ्यासमोर होतं हे.

जे करून फसलो ते

चुना. टाकल्यावर दोन दिवस वास गेला, आम्ही खूश. पण चुन्याने पीएच चढतो, सल्फाइड वायूरूपातून दुसऱ्या रूपात जातं, असतं तिथेच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत. आणि तळ्यात अमोनिया असेल तर पीएच चढवल्यावर तो जास्त विषारी होतो, म्हणजे एकाला दाबायला गेलं की दुसरा उठतो. मासे आत्ता तडफडत असतील आणि पीएच ७ च्या खाली असेल तर वेळ काढायला थोडा चुना, यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

फटकी तर टाकूच नका. फटकी म्हणजेच सल्फेट, वर पीएच पण उतरवते. गढूळपणा जातो म्हणून लोक टाकतात. आणि मोरचूद (कॉपर सल्फेट), शेवाळ मारायला, तेही सल्फेटच, पण खरा घात असा की सगळं शेवाळ एकदम मरतं आणि एकदम तळाला जातं, म्हणजे तळाला एकाच दिवशी महिन्याभराचं जेवण. आमची सगळ्यात मोठी मर मोरचूद टाकल्यानंतरच्या आठवड्यात झाली होती, त्या सकाळी घरातलं कोणी बोलत नव्हतं.

बॅक्टेरियाच्या पावडरीबद्दल माझं मत सांगतो. ज्या जीवाणूंना ऑक्सिजन लागतो ते ऑक्सिजन नसलेल्या तळाशी काय करणार? आधी हवा, मग पावडर, आणि हवा आली की बहुतेक वेळा पावडर लागतच नाही.

जेसीबी किंवा बैलाने चिखल घुसळणं, मासे आत असताना, हे सगळ्यात धोक्याचं. चिखलात साठलेलं सल्फाइड एका तासात पाण्यात येतं आणि एक मिलीग्रॅम सल्फाइड पूर्ण जळायला जवळपास दोन मिलीग्रॅम ऑक्सिजन खातं. शिवाय कांदळवनाच्या जवळ यंत्र लावायचं तर परवानगीशिवाय नाही, मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवन तोडायला बंदी घातलीय आणि भोवतीची ५० मीटरची पट्टी पण राखायची आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी तिवरं तुमच्या बाजूची आहेत. तिवराची जमिनीतून वर आलेली मुळं हवा खाली नेतात, खेकड्यांची बिळं भरतीचं पाणी आत घेतात, जिथे तिवर आणि खेकडा आहे तिथला चिखल पाइपने काढून बघा, काळ्यात तपकिरी रेघा दिसतील.

जे केल्यावर फरक पडला

पहिलं काम जलपर्णी, आणि वेळ महत्त्वाची. नाला तळ्याला मिळतो तिथे बांबू आणि जाळीचा तिरका अडसर जूनच्या आधी लावला, तिरका अशासाठी की पाण्याच्या जोराने जलपर्णी एका काठाला जमते आणि तिथून ओढून काढता येते, आडवा लावला तर पहिल्याच पुरात तुटतो. जी आत येतेच ती सप्टेंबरात, खारं पाणी आत यायच्या आधी, हिरवी असताना काढायची. मेल्यावर काढता येत नाही, हातात लगदा येतो. आणि काढलेली काठावर टाकून द्यायची नाही, पुढच्या पावसात ती परत तळ्यातच, आम्ही बांधापासून लांब खड्ड्यात शेणाबरोबर खत करतो. पहिल्या वर्षी आठ माणसं सहा दिवस राबली. दुसऱ्या वर्षी निम्म्यात झालं.

दुसरं काम नाल्यातलं सांडपाणी. याला वेळ लागला कारण तिथे माणसं आहेत आणि माणसांशी बोलावं लागतं. आठ-दहा घरांचे संडासचे पाइप थेट नाल्यात होते, शोषखड्डे काढून घेतले. सगळे झालेले नाहीत अजून.

तिसरं, आणि माझ्या मते खरं काम, उघाडी. आमची उघाडी झडपेची होती, ओहोटीला आपोआप उघडते आणि भरतीला बंद होते, म्हणजे पाणी बाहेर जातं पण आत जेमतेमच येतं. भातशेतीसाठी ती तशीच हवी, खारं पाणी शेतात शिरलं तर दोन-तीन वर्षं जमीन जाते, आणि खांड पडल्यावर (बांध फुटल्यावर) काय होतं ते खारेपाटातल्या माणसाला सांगायला नको. पण तळ्यासाठी एकतर्फी उघाडी म्हणजे गळा आवळणं. इथे शेतकरी आणि मासेवाले यांची भांडणं होतात आणि दोघांचंही बरोबर असतं. गोव्यातल्या खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत) मानशीच्या म्हणजे उघाडीच्या दारांनी हेच सांभाळलं जायचं, आणि केरळात पोक्कळी शेतीत पावसाळ्यात भात आणि नोव्हेंबर ते एप्रिल कोळंबी, एकाच जमिनीत. आम्ही तेच धरलं. भात कापून झाल्यावर तळ्याकडचा उपबांध आधी भक्कम केला म्हणजे खारं पाणी तळ्यातच राहील, शेतकऱ्यांना ते प्रत्यक्ष दाखवलं, एक पूर्ण उधाण जाऊ दिलं, आणि मगच भरतीला थोडं पाणी आत घ्यायला सुरुवात केली. झडपेच्या बाजूला फळ्यांचं दार करून घेतलं. फळ्या खालून काढता येतील अशा बसवल्या, कारण वरची फळी काढली तर वरचं चांगलं पाणी जातं आणि खालचं कुजकं तिथेच राहतं. ओहोटीला खालून सोडायचं, भरतीला वरून घ्यायचं. मे संपायच्या आत सगळं बंद, परत शेतीची पाळी.

उघाडीचं काम करताना एक गोष्ट पाळाच. तिच्या बंद कुंडीत, मोरीत किंवा कुठल्याही बंदिस्त खड्ड्यात, जिथे काळा गाळ आहे, तिथे उतरू नका. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो, आणि १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाक बधिर होतं, वास यायचा बंद होतो. माणसाला वाटतं वायू गेला. गाळ हलवला की क्षणात कितीतरी पट वायू सुटतो, आणि खाली पडलेल्याला काढायला उतरलेला दुसरा माणूसही जातो. बाहेरून दांड्याने काम करा, नाहीतर वायू मोजायचं यंत्र आणि साधनं असलेली माणसं बोलवा. एवढ्याशा गाळासाठी कोणाच्या घरात रडारड नको.

भांगाच्या चार दिवसांसाठी एक एरेटर (पाण्यात हवा मिसळायचं यंत्र) भाड्याने घेतो, रात्री दहा ते सकाळी सात चालवतो, तळ ढवळला जाणार नाही एवढ्या खोलीवर. नायट्रेटचाही उपाय आहे, कॅल्शियम नायट्रेट थोडं थोडं दिलं तर जीवाणू सल्फेटच्या आधी ते वापरतात, गटारांच्या वासासाठी हे जगभर करतात, पण तळ्यात जास्त झालं तर शेवाळ माजतं आणि परत पहिले पाढे, म्हणून अगदी अडीअडचणीलाच. तांबडी माती टाकून बघितली, जांभ्याची, लोह असतं म्हणून. लोह सल्फाइडला धरून ठेवतं हे पक्कं आहे, पण जांभ्यातलं लोह घट्ट बसलेलं, ते सावकाश काम करतं, एका कोपऱ्यात थोडा फरक दिसला इतकंच म्हणेन.

तळं सुकवायचं का

कोळंबीवाले दरवर्षी सुकवतात आणि बऱ्याच ठिकाणी चालतं. पण जुन्या तिवराच्या जमिनीवर आंधळेपणाने सुकवू नका. चिखलातल्या लोह सल्फाइडला, विशेषतः वर्षानुवर्षं साठलेल्या पायराइटला (लोह-गंधकाच्या खनिजाला), हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं. केरळात कुट्टनाडच्या करी जमिनी याच जातीच्या, तिथे पीएच ३-४ पर्यंत उतरतो आणि शेतकऱ्यांना चुना आणि पाण्याने धुणं हे करतच राहावं लागतं. घरी तपासायचं तर फूटभर खोलवरचा चिखल घ्या, बोटाच्या पेराएवढ्या जाड वड्या करून प्लॅस्टिकच्या झाकणात सावलीत ठेवा, ओलसर राहतील इतकंच पाणी शिंपडा, आणि दोन महिने दर आठवड्याला पीएच बघा. ४ च्या खाली गेला तर ती जमीन कायम पाण्याखालीच बरी. चिखलात शिंपल्यांचा चुरा भरपूर असेल तर सहसा पीएच इतका पडत नाही, शिंपलाच चुन्याचं काम करतो. आमच्या वड्या साडेसहावर थांबल्या, तरी आम्ही पूर्ण तळं एकदम न सुकवता एक-एक भाग घेतो.

शेजारी भात असेल तर तोही सांगतो काय चाललंय ते. रोप उपटून मूळ बघा. तांबूस-नारिंगी मूळ म्हणजे मुळाभोवती लोहाचा गंज बसलाय आणि ते सुरक्षित आहे. मूळ काळं आणि वास येत असेल तर सल्फाइड मुळापर्यंत पोचलंय. लोह कमी असलेल्या जमिनीत जपानातही भात असाच शेवटी शेवटी बसायचा, त्याला ते अकिओची म्हणतात, शरदातली घसरण.

गोडं तळं असेल तर

इथे हिशेबच वेगळा. गोड्या पाण्यात सल्फेट लिटरला दहा-वीस मिलीग्रॅम असेल तर बाहेरून आलेलं थोडंसुद्धा मोठं ठरतं. फ्लोरिडातलं एव्हरग्लेड्स बघा. आतल्या दलदलीत मुळात सल्फेट लिटरला १ मिलीग्रॅमच्याही खाली. वरच्या अंगाला ऊस आणि भाजीपाल्याची शेती, जमिनीचा पीएच उतरवायला तिथे गंधक टाकत आले, आणि कालव्यातून दलदलीत जाणारं पाणी दहापट-पन्नासपट सल्फेट घेऊन जायला लागलं. वास हा तिथला छोटा प्रश्न. मोठा प्रश्न पारा. पारा पावसातून येतो, आणि सल्फेटवर जगणारे जीवाणू त्याचा मिथाइल पारा करतात, तो माशात साठतो, माशातून पक्ष्यात आणि माणसात, म्हणून तिथले काही मासे खाऊ नका किंवा कमी खा अशा सूचना द्याव्या लागल्या. फॉस्फरस अडवायला त्यांनी प्रचंड मोठी कृत्रिम पाणथळं बांधली, ती फॉस्फरस छान अडवतात, पण सल्फेट त्यातून बरंचसं तसंच पुढे जातं. म्हणून तिथेही शास्त्रज्ञांचं म्हणणं हेच की गंधक शेतावरच कमी करा. उद्दिष्ट ठेवलंय १ मिलीग्रॅमचं.

आपल्याकडे घाटावर चुनखडीच्या काळ्या जमिनीत आपणही याच कारणासाठी गंधक टाकतो, शिवाय जिप्सम, द्राक्षाला भुरी रोगासाठी ८० टक्क्यांचं गंधक, अमोनियम सल्फेटमध्ये २४ टक्के गंधक, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ११ टक्के, आणि स्वस्त कपड्याच्या पावडरीत भरीला सोडियम सल्फेट. तळ्याच्या वरच्या अंगाला यातलं काय आणि किती पडतं ते आधी बघा. माती परीक्षणात गंधकाची गरज दिसत असेल तेवढंच टाका, पाऊस तोंडावर असताना टाकू नका, आणि शेत आणि तळं यांच्यामध्ये गवताचा पट्टा ठेवा म्हणजे निदान मातीबरोबर वाहणारं अडेल. विरघळलेलं सल्फेट गवत अडवत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

आणि गणपती. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेटच. दहा किलोच्या मूर्तीत साडेपाच किलोच्या आसपास सल्फेट असतं. अडीच एकराच्या मीटरभर खोल गोड्या तळ्यात अशा वीस मूर्ती विरघळल्या की लिटरला अकरा मिलीग्रॅमची भर, म्हणजे मुळात दहा होतं ते दुप्पट. वर निर्माल्य, म्हणजे जीवाणूंचं जेवण आणि श्वास दोन्ही एकाच दिवशी आपण हाताने देतो. खाडीत हाच आकडा नगण्य आहे, गावच्या तळ्यात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचना मातीच्या मूर्तीच्याच आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, बादलीत अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात प्लास्टरची मूर्ती विरघळवायची पद्धत बरेच जण घरी करतात, चांगली आहे, पण बादलीत उरलेलं पाणी अमोनियम सल्फेटचं असतं, ते तळ्यात किंवा गटारात ओतायचं नाही, भरपूर पाणी मिसळून झाडांना घालायचं, सोसायटीत कोणी जमा करत असेल तर त्यांना द्यायचं.

गोड्या तळ्यात अजून एक होतं जे पटकन लक्षात येत नाही. तळाच्या चिखलातलं लोह फॉस्फेटला धरून बसलेलं असतं, सल्फाइड आलं की लोह त्याला जाऊन चिकटतं आणि फॉस्फेट सुटतं, मग शेवाळ आणि जलपर्णी माजते आणि लोक म्हणतात सांडपाणी वाढलं. नेदरलँड्सच्या पाणथळ जागांमध्ये हे चांगलं अभ्यासलंय. तुमच्या तळ्यात बाहेरून फॉस्फरस येणं बंद केलंत तरी शेवाळ हटत नसेल तर एकदा सल्फेट मोजून घ्या. मोजायला सोपं आहे, सल्फाइडसारखं ते बाटलीत उडून जात नाही.

यंदा दिवाळीनंतरच्या अष्टमीला पहाटे पाइप घेऊन उतरलो होतो. उघाडीजवळ तपकिरी थर बोटभर, मध्ये त्याहून थोडा कमी, नाल्याच्या तोंडाशी अजून काळाच. मासे वर आले नाहीत. नाल्याच्या तोंडाशी उरलेल्या तीन घरांचे पाइप आहेत, त्यातल्या एका घरी खड्डा खणायला घेतलाय, बाकी दोघांकडे जागा नाही, त्यांचं पाणी वळवून केळीच्या वाफ्यात कसं न्यायचं ते या महिन्यात बघतोय.